सही मागतात तेव्हा आधी गुंठे मोजा

पत्र: मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. वय ३४. मालक गेल्या दिवाळीत आजारानं गेले. मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ. सासऱ्यांच्या नावावर आठ एकर जिरायत आहे. सासरे २०२१ मध्ये वारले, पण सातबारा अजून त्यांच्याच नावावर आहे. सासू आहेत, एक नणंद लग्न होऊन गेलेली. मोठे दीर म्हणतात, वारस नोंदीला तुझी सही लागते, तालुक्याला निबंधकाकडे चल, जमीन पोराच्या नावावर करून देतो. सही दिली नाही तर सासऱ्यांचं सोसायटीचं कर्ज तुझ्या डोक्यावर येईल, आणि दुसरं लग्न केलंस तर तसंही काही मिळणार नाही, असं ऐकवतात. रेशन कार्ड त्यांच्याकडेच आहे, धान्य तेच आणतात, त्यातलं देतील तेवढं देतात. मृग लागला, पण मला पेरायला रान नाही. आठातली चार एकर माझी ना? मी काय करू?

उत्तर:

ताई, निबंधकाकडे जाऊ नका. आजारी आहे म्हणा, मुलांची शाळा आहे म्हणा, काहीही सांगा, पण त्या कचेरीत पाऊल टाकू नका. वारस नोंद तलाठ्याकडे होते (आता या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय), दुय्यम निबंधकाकडे नाही. तिथं नेऊन घेतात ते हक्कसोडपत्र. एकदा ते नोंदवलं की तुमचा वाटा गेला. फसवून सही घेतली हे दिवाणी कोर्टात सिद्ध करावं लागतं, तेही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. कोऱ्या कागदावर किंवा शंभराच्या मुद्रांकावर घरीच सही-अंगठा दिला असेल, तर तोही आम्हाला कळवा. नुसत्या नोटरीच्या कागदानं जमिनीतला हक्क सुटत नाही, पण असा कागद तलाठ्यापुढे 'संमती' म्हणून ठेवला जाण्याआधी तुमची हरकत तिथं पोचलेली बरी.

आता चार एकरांचं. नाही, चार एकर तुमची नाहीत. हे आधीच ऐकलेलं बरं, कारण चुकीच्या आकड्यावर भांडायला गेलं की समोरचा पहिल्या बैठकीतच तुम्हाला खोटं पाडतो. गावात हिशोब दोन भावांचे दोन वाटे असा करतात. कायदा सासू आणि नणंद यांनाही मोजतो.

जमीन सासऱ्यांनी स्वतः घेतलेली असेल तर त्यांच्या मागे वारस चार: सासू, मोठे दीर, तुमचे मालक आणि नणंद. प्रत्येकाला दोन एकर. पुढे मालकांच्या दोन एकरांचे वारस पुन्हा चार: तुम्ही, मुलगी, मुलगा आणि सासू, कारण मुलाच्या मागे आईही पहिल्या वर्गातली वारस असते. म्हणजे प्रत्येकी वीस गुंठे. तुम्हा तिघांचं मिळून दीड एकर.

जमीन वडिलोपार्जित असेल, म्हणजे आजेसासऱ्यांपासून आलेली, तर तुमचा वाटा थोडा वाढतो. अशा जमिनीत माणूस गेला की त्याच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी कागदावर वाटणी झाली असं धरतात, आणि त्या वाटणीत बायकोलाही मुलाइतका वाटा मोजतात. सर्वोच्च न्यायालयानं हे १९७८ मध्ये गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम या खटल्यात पक्कं केलं. सासऱ्यांच्या पिढीत सासरे, सासू, दोन मुलगे, एक मुलगी असे पाच वाटे. त्यातला सासऱ्यांचा वाटा पुन्हा उरलेल्या चौघांत. शेवटी प्रत्येकाला तेच दोन एकर. पण मालकांच्या त्या ८० गुंठ्यांपैकी ६४ वडिलोपार्जित म्हणून आलेले आणि १६ वडिलांचे वारस म्हणून. ६४ चे चार वाटे: मालक, तुम्ही, मुलगा, मुलगी, प्रत्येकी १६. मालकांचे १६ आणि वारसानं आलेले १६ हे दोन्ही पुन्हा तुम्ही तिघं आणि सासू यांच्यात, प्रत्येकी चार आणि चार असे आठ गुंठे. बेरीज केली तर तुम्हाला २४ गुंठे, मुलांना प्रत्येकी २४, सासूला त्यांच्या स्वतःच्या दोन एकरांवर आणखी ८. तुम्हा तिघांचं १ एकर ३२ गुंठे. नणंदेला यात मुलाइतकाच वाटा आहे. २००५ च्या दुरुस्तीनं तो दिला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालानं, वडील कधी वारले हा प्रश्नही निकाली काढला. तिचं लग्न झालंय याचा वाट्याशी काही संबंध नाही.

म्हणजे दीड एकर ते एक एकर बत्तीस गुंठे. कमी वाटेल. पण हे दीड एकर 'दीर देतील' असं नाही, ते मालक गेले त्या दिवशीच तुमचं झालं. आणि या हिशोबातून एक गोष्ट दिसते जी दिरांना नक्की दिसलेली आहे: चाव्या सासू आणि नणंद यांच्याकडे आहेत. सासूच्या नावे दोन ते अडीच एकर, नणंदेचे दोन. गावरीतीनं नणंद 'भावाला' हक्क सोडते, म्हणजे हयात असलेल्या एकाच भावाला. ती तुमच्या मुलांच्या नावेही सोडू शकते किंवा काहीच न सोडता वाटा ठेवू शकते. दिरांशी वाद घालण्याआधी नणंदेला फोन करा आणि सासूला दुखवू नका. हा सल्ला मायेपोटी नाही, गुंठ्यांपोटी आहे.

दिरांच्या बाकीच्या धमक्या एकेका ओळीत संपतात. कर्ज: सासऱ्यांचं सोसायटीचं देणं त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फिटतं, वारसाला मिळालेल्या वाट्यापलीकडे तुमच्या मजुरीवर, दागिन्यावर ते येत नाही, आणि हक्क सोडणं हा त्यावरचा उपाय नाहीच. सातबाऱ्यावर किती बोजा आहे ते स्वतः बघा. दुसरं लग्न: नवऱ्याकडून वारसानं आलेली जमीन हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे पूर्ण मालकीची असते, पुढं लग्न केलं म्हणून ती परत जात नाही. पोराच्या नावावर: आठ वर्षांच्या मुलाच्या नावे जमीन लागते तेव्हा सातबाऱ्यावर 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून कुणाचं तरी नाव लागतं. तिथं दिरांचं नाव लागलं की व्यवहार त्यांच्या हातात. वडिलांच्या मागे नैसर्गिक पालक आई असते. नाव तुमचंच लागलं पाहिजे. शिवाय या 'पोराच्या नावावर' मध्ये तुमची मुलगी कुठं गेली, हेही विचारा. अज्ञान मुलांचा वाटा कोर्टाच्या परवानगीशिवाय तुम्हीसुद्धा सोडू किंवा विकू शकत नाही.

आता वारस नोंद. ही तुम्ही एकटीनं करायची. 'सगळ्या वारसांना घेऊन या' असं सांगून परत पाठवतील. त्याची गरज नाही. कोणताही एक वारस अर्ज देऊ शकतो, बाकीच्यांना नोटीस काढणं हे तलाठ्याचं काम आहे. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत कळवायचं असतं, तुम्हाला उशीर झालाय, पण त्यानं फक्त किरकोळ विलंब शुल्क लागतं, हक्क जात नाही.

आधी महाभूमी संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ काढा, सातबाऱ्याला १५ रुपये लागतात. गट नंबर माहीत नसेल तर सासऱ्यांच्या नावानं शोधता येतो. गावात आपले सरकार सेवा केंद्रावर किंवा सेतूत कुणीही काढून देईल. सोबत जुने फेरफार, म्हणजे आधीच्या नावबदलांच्या नोंदी मागा, त्यातूनच जमीन वडिलोपार्जित की खरेदीची हे कळतं. मग सासऱ्यांचा मृत्यूदाखला, मालकांचा मृत्यूदाखला, मुलांचे जन्मदाखले किंवा शाळेचा बोनाफाईड, तुमचं लग्न दाखवणारा कोणताही कागद (आधारवर पतीचं नाव, जुनं रेशन कार्ड, मतदार यादी), आणि सर्व वारसांची नावं, वयं, नाती, पत्ते लिहिलेलं स्वयंघोषणापत्र. या यादीत सासू, दीर, नणंद सगळ्यांची नावं स्वतःहून लिहा. तुम्ही कुणाला गाळलंत तर तुमचीच नोंद रद्द होण्याची वाट मोकळी होते.

दोन मृत्यू आहेत म्हणून अर्ज दोन: सासऱ्यांच्या मागे वारस आणि मालकांच्या मागे वारस. पहिल्या अर्जात मालक 'मयत' दाखवून त्यांचे वारस लिहा, दुसऱ्यात तेच पुन्हा. एकाच अर्जात दोन्ही कोंबले की नोंद अडकते. नावांचा घोळ इथंच उगवतो: सातबाऱ्यावर 'ज्ञानोबा', मृत्यूदाखल्यावर 'ज्ञानदेव'. अशा वेळी 'ज्ञानोबा उर्फ ज्ञानदेव, एकच व्यक्ती' असं घोषणापत्रात लिहून त्याला ग्रामपंचायतीच्या दाखल्याची जोड द्या. तुमच्या आधारवर माहेरचं नाव असेल तर तेही 'उर्फ' करून लिहा.

अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन करता येतो, त्याचा क्रमांक मिळतो. कागदावर दिलात तर दुसऱ्या प्रतीवर सही, तारीख, शिक्का घ्या. लेखी पोच लगेच देणं कलम १४९ नंच तलाठ्यावर बंधनकारक केलंय. पोच नाही म्हणजे अर्ज नाही, हे धरून चला. सहा महिन्यांनी 'अर्ज आलाच नव्हता' हे वाक्य फार बायांनी ऐकलंय.

पुढं काय होतं ते माहीत असू द्या, म्हणजे कुठं अडलंय ते विचारता येतं. अर्ज आधी गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत चढतो, तलाठी चौकशी करतो, मंडळ अधिकारी वारस ठरवतात. मग फेरफार नोंदवहीत, म्हणजे नमुना ६ मध्ये नोंद पडते, सर्वांना नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि नावं सातबाऱ्यावर येतात. दिरांनी हरकत घेतली तर प्रकरण ६-अ या तक्रार नोंदवहीत जातं आणि मंडळ अधिकारी सुनावणी घेतात. घाबरायचं कारण नाही. तिथं प्रश्न एवढाच असतो की मयताचे वारस कोण. तुम्ही बायको आहात आणि ही मुलं त्यांची आहेत, यापलीकडे काही सिद्ध करायचं नसतं. कोर्टाचा वारस दाखला आणा असं म्हणाले तर 'तशी मागणी लेखी द्या' म्हणा. निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) अपील.

दीर आपलाच अर्ज आधी टाकतील ही शक्यता धरा. 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गावातल्या चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. आठवड्यातून एकदा शाळेत जाणाऱ्या मुलीकडून आपला गट नंबर त्यात आहे का ते बघून घ्या. नोंद दिसली आणि तुमचं नाव नसेल तर त्या १५ दिवसांतच लेखी हरकत.

प्रमाणित झालेला सातबारा हातात आला की नाव 'आहे' एवढं बघून थांबू नका, नाव कुठं आहे ते बघा. वर्षानुवर्षं विधवांची आणि मुलींची नावं 'इतर अधिकार' या रकान्यात टाकली गेली आणि मालकीच्या रकान्यात फक्त पुरुष राहिले. इतर अधिकारात नाव असलेल्या बाईला ना पीककर्ज मिळतं, ना पीएम किसानचे पैसे. तुमचं आणि दोन्ही मुलांचं नाव भोगवटादाराच्या, म्हणजे मालकीच्या रकान्यातच हवं. दुसरा सापळा 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वारस नोंद करताना 'सोयीसाठी' दिरांचं नाव ए.कु.मॅ. म्हणून लावू असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. ती तीन अक्षरं पुसायला पुढची पिढी खर्ची पडते. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खात्यांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांच्या नावावर निघाली. त्यामागं मोठी कारस्थानं क्वचितच असतात. बहुतेक ठिकाणी अशा रकान्यांनीच काम केलेलं असतं.

एक मात्र ध्यानात ठेवा: सातबाऱ्यावरचं नाव म्हणजे मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे आणि वाटणी तर नव्हेच. नोंद होऊनही आठ एकर सामाईकच राहतं. पायाखालचं रान वेगळं करायचं तर सगळे तयार असल्यास तहसीलदाराकडे कलम ८५ खाली संमतीनं वाटप होतं, मग मोजणी. जिरायतीला २० गुंठ्यांखालचा तुकडा पडू देत नाहीत, म्हणून तुमचं आणि मुलांचं एकत्रच राहू द्या, तिघांचे तीन तुकडे मागू नका. वाटपात विहीर आणि वाट लिहून घ्या. गुंठे बरोबर, पण रानात जायला वाट नाही, असं झालं की तो तुकडा शेवटी शेजाऱ्याला म्हणजे दिरांनाच पडत्या भावात जातो.

दीर तयारच नसतील तर दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा. बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज द्या किंवा १५१०० वर फोन करा. मालमत्तेच्या दाव्यात महिलांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फीही माफ आहे. वकिलांना एक आठवण करा: दावा दाखल झाल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. महाराष्ट्रात ती नोंदवली तरच दावा चालू असताना जमीन विकत घेणारा निकालाला बांधला जातो. बरेच दावे इथंच भोकं पडून गळतात. दावा वर्षानुवर्षं चालतो, म्हणून तो पहिला उपाय नाही, पण 'करीन' म्हणायची तयारी असली की वाटपाची बैठक लवकर बसते.

हे सगळं होईपर्यंत खायचं काय? तुमच्या पत्रात हा प्रश्न शेवटी आला, करायचं मात्र हे याच आठवड्यात आहे.

रेशन कार्ड वेगळं करा. तहसीलच्या पुरवठा शाखेत विभक्त शिधापत्रिकेचा अर्ज द्या, सोबत मालकांचा मृत्यूदाखला, तिघांचे आधार, चूल वेगळी असल्याचं घोषणापत्र. जुनं कार्ड दीर देत नाहीत हेही अर्जातच लिहा, कार्डाचा बारा अंकी क्रमांक दुकानदाराच्या यंत्रावर सापडतो. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे घरातली सर्वांत मोठी सज्ञान बाई कुटुंबप्रमुख असते, म्हणजे नव्या कार्डावर तुम्ही. प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो, तिघांचं १५ किलो महिना, मोफत. अंत्योदयात कुटुंबाला ३५ किलो, आणि आधार नसलेल्या विधवेचं कुटुंब हा अंत्योदयाचा निकषच आहे, म्हणून अर्जात तो शब्द घालून मागणी करा. ग्रामीण भागात प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये. अडतं ते 'इष्टांक (लाभार्थ्यांचा ठरलेला कोटा) शिल्लक नाही' या उत्तरावर. तसं म्हणाले तर लेखी मागा आणि तो कागद घेऊन जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. कार्ड झालं की तिघांचंही ई-केवायसी करा, नाहीतर नाव असून धान्य बंद होतं.

पैशांचं: संजय गांधी निराधार योजनेत विधवेला महिना १,५०० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न २१,००० च्या आत हवं. लाडकी बहीणचे १,५०० घेत असाल तर दोन्ही एकदम मिळत नाहीत. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, एक पालक गमावलेल्या मुलाला महिना २,२५० रुपये, जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. या योजनेबद्दल गावात कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. उत्पन्नाचा दाखला सगळीकडे एकच वापरा, दोन आकड्यांचे दोन दाखले निघाले की दोन्ही अर्ज पडतात.

आणि पेरणी. नाव लागायच्या आत ट्रॅक्टर घेऊन एकट्यानं रानात घुसू नका, मारहाणीचा गुन्हा उलटा तुमच्यावर नोंदवला जातो. पण मालक कसत होते तो तुकडा कोणता हे सासूला, शेजाऱ्यांना माहीत आहे. सासू, नणंद आणि गावातली दोन जाणती माणसं बसवून 'यंदाच्या खरिपाला दीड एकर ही करणार' एवढंच ठरवा, हक्काचा विषय काढू नका. ठरलं ते एका कागदावर साध्या शब्दांत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. तुमच्या सहीच्या वर मात्र 'माझा वारसा हक्क कायम ठेवून' एवढे शब्द असू द्या.

रान मिळालं तर सगळं सोयाबीन करू नका. सोयाबीनचे पैसे एकदाच येतात आणि दुकानाच्या उधारीत जातात. वीस गुंठ्यांत मूग पेरा, अडीच-तीन किलो बी पुरतं. साधारण सत्तर दिवसांत रान मोकळं होतं आणि तिथंच सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रब्बी ज्वारी पडते, बी दोन किलो. पाऊसमान बरं राहिलं तर दीड-दोन क्विंटल ज्वारी आणि कडबा, म्हणजे रेशनच्या जोडीला तिघांची भाकरी वर्षभर. उरलेल्या एकरात सोयाबीन आणि तूर, चार ओळींना दोन ओळी: सोयाबीन वीस किलोच्या आसपास, तूर दोन किलो. सोयाबीनचं घरचं बी चालतं, फक्त आधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. सत्तरच्या वर उगवले तर पेरा, साठ-पासष्ट उगवले तर त्या प्रमाणात बी वाढवा, त्याहून कमी असतील तर ते बी विका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका. मृग लागला म्हणून पेरलं आणि दुबार पेरणी आली, तर दुसऱ्या बियाण्याला तुमच्याकडे पैसे नाहीत. धुऱ्याला अंबाडी आणि चवळी टाका.

सातबाऱ्यावर नाव आलं की त्याच महिन्यात तीन कामं उरका. शेतकरी ओळख क्रमांक काढा, पीएम किसान आणि अनुदानं आता त्यावर चालतात. पीएम किसानला जमीन १ फेब्रुवारी २०१९ च्या आधी नावावर हवी अशी अट आहे, पण जमीनमालकाच्या मृत्यूनं वारसाकडे आलेल्या जमिनीला ती लागू नाही. हे केंद्रावरच्या पोराला माहीत नसतं, त्याला सांगा. आणि हंगामात ई-पीक पाहणी स्वतःच्या खात्यातून स्वतः करा. आठ एकरांवर दिरांनी एकट्यानं पीक नोंदवलं तर तुम्ही पेरलेलं असूनही बारा नंबरला ते त्यांचं दिसेल, आणि अतिवृष्टीची भरपाई आली तर ती त्याच नोंदीवरून वाटली जाईल.

सातबारा आणि जुने फेरफार हाती आले की त्यांचे फोटो आम्हाला पाठवा, वडिलोपार्जित की खरेदी ते बघून गुंठ्यांचा हिशोब पक्का करून देऊ. नणंदेला फोन मात्र आजच लावा.